कड्यावरून देवमासे बघण्यासाठी ७×५० दुर्बीण: एका निवृत्त दर्यावर्दीचा अभिप्राय

आधीच सांगतो, देवमासा डोळ्यांसमोर भला मोठा दिसावा एवढ्याच हौसेने दुर्बीण घ्यायची असेल तर ७×५० घेऊ नका. दुकानातल्या कपाटात सात हा जवळजवळ सगळ्यात लहान आकडा. शेजारी १०, १२, २० मांडलेले असतात आणि त्यांच्यात हा सात अगदी बापुडवाणा वाटतो. तरीही किनाऱ्यावर उभं राहून स्थलांतर करणारे देवमासे बघायचे असतील तर मी हीच घ्या म्हणेन. किनाऱ्यावरून बघताना सगळ्यात अवघड काम असतं ते देवमासा सापडण्याचं. एकदा सापडला की सातपटसुद्धा पुष्कळ होतं.

माझी नोकरी व्यापारी जहाजांवर झाली. ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या जागी, वॉचला म्हणजे पहाऱ्याला उभं राहिलं की हाताशी असायची ती ७×५०. तेव्हा देवमाशांशी काही देणंघेणं नव्हतं. समोरच्या जहाजाचे दिवे, बोया, दिवे न लावता हिंडणाऱ्या मासेमारी होड्या, एवढंच बघायचं. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाणं-येणं सुरू झालं आणि हिवाळ्यात कड्यावर उभं राहून ग्रे व्हेल बघायचा नाद आम्हा दोघा नवराबायकोला लागला. तेव्हा ही विकत घेतली. पोरो प्रिझमची, म्हणजे आतल्या तिकोनी काचांच्या मांडणीमुळे रुंद खांद्यांची, जुन्या घाटाची. अंगावर जाड रबर, आत नायट्रोजन, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. एका नळीत होकायंत्र आणि बारीक रेघांची मोजपट्टी दिसते. वजन किलोच्या वर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच धाटणीच्या दुर्बिणी बऱ्याच जणांच्या मिळतात आणि इथलं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं.

सात आणि पन्नास म्हणजे सातपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर. पन्नासला सातने भागलं की सात मिलिमीटरहून किंचित जास्त येतं. डोळ्याकडे येणारी प्रकाशाची शलाका तेवढी जाड असते. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणजे बाकीचा प्रकाश वाया जातो, असं दुकानदारही सांगतो आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. पण वाऱ्याने हात हलतोय, टोपी उडू पाहतेय, अशा वेळी डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही, ते या जाड शलाकेमुळे. लहान भिंगाची दुर्बीण घेऊन वाऱ्यात उभं राहिलात की हा फरक दोन मिनिटांत कळतो. चांगल्या कड्यांवर वारा नसतो असं सहसा होत नाही.

आता सापडण्याचा हिशेब. माझ्या दुर्बिणीत एका वेळी सुमारे सात अंशांचा समुद्र मावतो. कड्यावरून समोर साधारण १४० अंश मोकळं पाणी दिसतंय असं धरा. म्हणजे वीस खिडक्या. प्रत्येक खिडकीवर दहा सेकंद थांबलं तर एक फेरी साडेतीन मिनिटांच्या आत पुरी होते. वाटेला लागलेली ग्रे व्हेल पंधरा ते तीस सेकंदांच्या अंतराने तीन ते पाच वेळा श्वास सोडते, मग शेपूट वर काढून खाली जाते आणि साधारण तीन ते पाच मिनिटं, कधी जास्तही, दिसत नाही. तुमची फेरी आणि तिची बुडी यांचा मेळ कसाबसा बसतो. आता हेच जास्त पटीच्या, एका वेळी तीनच अंश दाखवणाऱ्या नळीतून करून बघा. सत्तेचाळीस खिडक्या, जवळजवळ आठ मिनिटं. तेवढ्यात ती वर येऊन, श्वास घेऊन, पुन्हा खाली गेलेली असते आणि तुम्ही दुसऱ्याच टोकाचं पाणी न्याहाळत असता.

खिडकीवर थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. नवखी माणसं दुर्बीण डोळ्याला लावून क्षितिजावरून झाडू मारल्यासारखी फिरवतात. फिरत्या चित्रात फवारा, म्हणजे देवमाशाने सोडलेला श्वास, दिसत नाही. लाटांचे पांढरे तुरे आणि फवारा यांतला फरक हालचालीत असतो: तुरा फुटून पसरतो, फवारा उभा राहतो, क्षणभर तरंगतो आणि वाऱ्याबरोबर तिरका होऊन विरतो. हे कळायला चित्र स्थिर हवं.

खरं तर पहिला फवारा आमच्यात दुर्बिणीतून सापडतच नाही. तो हिला सापडतो, नुसत्या डोळ्यांनी. मी भिंगांत डोकं घालून बसलेलो असतो आणि कानावर येतं, “अहो, खाली करा ती आधी. तिकडे, त्या होडीच्या डावीकडे.”

“किती डावीकडे?”

“आता काय फूटपट्टी लावू? मूठभर.”

हे मूठभर मात्र पक्कं माप आहे. हात सरळ पुढे धरून मूठ वळली की ती सुमारे दहा अंश झाकते. दुर्बिणीची खिडकी त्याहून जरा लहान, त्यामुळे हिने मूठभर म्हटलं की होडीवरून एक खिडकी आणि थोडं पुढे सरकायचं, आणि पुढचा श्वास नेमका त्यात उडतो. दहापट, बारापट दुर्बिणींत हा अंदाज हुकतो, कारण खिडकीच अरुंद असते.

हिची ही पद्धत काही अडाण्याची नाही. कॅलिफोर्नियात बिग सरच्या उत्तरेला ग्रॅनाइट कॅनियन म्हणून एक जागा आहे. तिथे आणि जवळपास, समुद्रापासून सुमारे वीस मीटर उंचीवर बसून अमेरिकी सरकारचे शास्त्रज्ञ १९६७ पासून दक्षिणेकडे जाणाऱ्या ग्रे व्हेल मोजत आले आहेत. मोजणारे आधी नुसत्या डोळ्यांनी शोधत आणि देवमासा सापडला की दिशा आणि अंतर घ्यायला होकायंत्र-मोजपट्टीची ७×५० उचलत. २०१६ च्या सुमारास ही संख्या २७ हजारांच्या आसपास होती आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात ती साडेचौदा हजारांवर आली. आर्क्टिककडच्या चराऊ समुद्रात खाणं कमी पडलं, हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. एवढा मोठा ऱ्हास नोंदवला गेला तो मुळात कड्यावरून डोळे ताणून केलेल्या मोजणीतून. लॉस एंजेलिसजवळच्या पॉइंट व्हिसेंटीला अमेरिकन सीटेशियन सोसायटीचे स्वयंसेवकही दर मोसमात असेच मोजत बसतात, १९८४ पासून. त्यांच्या कट्ट्याजवळ तासभर गप्प उभं राहिलात तर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकाल. तिथे सगळ्यांच्या गळ्यात मोठ्या आकड्यांच्या दुर्बिणी दिसतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

सातपटीत काय दिसतं ते सांगतो, म्हणजे निराशा व्हायला नको. बारा मीटरची ग्रे व्हेल तीन किलोमीटरवर असेल तर तिची पाठ या दुर्बिणीत पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण तिप्पट रुंद दिसेल. तेवढ्यात पाठीवरचे करडे-पांढरे डाग कळत नाहीत. पाठीला पंख नाही आणि शेपटीकडे उंचवट्यांची ओळ आहे, हे ती किलोमीटरभर अंतरावर आली तर कळतं. पण ओळख पटवायला फवारा पुरतो. ग्रे व्हेलचा फवारा बुटका, तीन-चार मीटरचा, समोरून बघितला तर मध्ये खाच पडलेला, बदामाच्या आकाराचा. हंपबॅकचाही झुडपी, पण तिची पाठ वर येताना छोटा पंख दिसतो आणि खाली जाताना ती कमरेत वाकते. राइट व्हेलचे दोन फवारे वेगवेगळे होऊन इंग्रजी व्हीसारखे फाकतात. स्पर्म व्हेलचं नाकपुडीचं भोक डोक्याच्या टोकाला डावीकडे असतं, म्हणून तिचा फवारा पुढे आणि डावीकडे कलतो. ब्लू व्हेलचा नऊ मीटर किंवा त्याहूनही उंच, सरळ खांब. तो दिसला की वाद घालायची गरजच उरत नाही. हे सगळं सातपटीत दिसतं. शेपटीने पाणी ढकलल्यावर मागे राहणारे गुळगुळीत गोल ठसेही दिसतात आणि ती खाली कुठल्या दिशेने चालली आहे ते त्यांवरून कळतं. ते बघायला मात्र उंचावर उभं राहायला हवं, वाळूवरून जमत नाही.

उंचीचं महत्त्व लोक फार कमी धरतात. वाळूवर उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची दोन मीटरपेक्षा कमीच. त्याचं क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत संपतं. पंचवीस मीटरच्या कड्यावरून तेच अठरा किलोमीटरवर जातं. भारी दुर्बीण घेऊन वाळूवर बसण्यापेक्षा साधी घेऊन कडा चढावा, गुडघे साथ देत असतील तर.

आमचे जावई हौशी. त्यांनी ट्रायपॉडवर लावायची वीस ते साठपट मोठं दाखवणारी स्पॉटिंग स्कोप घेतली. “बाबा, यातून बघा, साठपट!” म्हणाले. बघितलं. साठपट समुद्र, साठपट वाफ आणि साठपट थरथर. ऊन चढलं की पाण्यावरची हवा नाचायला लागते, आणि जेवढं मोठं करावं तेवढं ते नाचणंही मोठं होतं. सकाळी थंड हवेत तीसपटीपर्यंत चित्र सुरेख असतं, हे कबूल करायला हवं. देवमासा जागेवर रेंगाळत असेल तेव्हा ती नळी खरी कामाची. दक्षिण आफ्रिकेत हर्मानसच्या खाडीत जून ते नोव्हेंबरात राइट व्हेल पिल्लांना घेऊन किनाऱ्यालगत पडून असतात. तिथे स्कोप लावून डोक्यावरचे खडबडीत चट्टे निवांत बघता येतील. त्या चट्ट्यांच्या नक्षीवरूनच अभ्यासक एकेक व्हेल ओळखतात. पण ताशी सात-आठ किलोमीटरने सरळ वाट कापणाऱ्या ग्रे व्हेलच्या मागे ट्रायपॉडचं डोकं फिरवत बसणं हा मला तरी छळ वाटतो. जावयांना नाही वाटत. ते फवारा मला शोधायला लावतात आणि मग स्वतः नळी रोखतात, त्यामुळे घरात शांतता आहे.

हाताच्या थरथरीचंही तेच. दहापटीत थरथर दहापट. तरुण, स्थिर हाताला दहा चालतं, अर्धा तास. सत्तरीकडे झुकलेल्या माझ्या हाताला सातच झेपतं. खाली बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवली की सातपटीत चित्र जवळजवळ गोठतं. थरथर बंद करणारी बॅटरीवाली यंत्रणा असलेल्या दुर्बिणी मिळतात, बारापट, चौदापटसुद्धा. एका स्वयंसेवक बाईंनी त्यांची बघायला दिली होती. बटण दाबताच समुद्र जागच्या जागी थांबला. मोह झाला. पण किंमत माझ्या दुर्बिणीहून पुष्कळ जास्त आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते असं त्याच म्हणाल्या. पैशाची अडचण नसेल आणि खिशात जादा सेल ठेवायची शिस्त असेल तर ती घ्या, मी अडवणार नाही.

मोजपट्टी हा माझा आवडता भाग, आणि तिच्याबद्दल जाहिराती जे सांगतात ते अर्धंच असतं. पट्टीवरचं माप मिलमध्ये असतं; हजार मीटरवरची एक मीटरची वस्तू जेवढा कोन झाकते तो एक मिल. वस्तूची उंची ठाऊक असेल तर तिला १००० ने गुणून ती जितके मिल झाकते त्याने भागायचं, अंतर मिळतं. २० मीटरचा दीपस्तंभ १० मिल झाकत असेल तर तो दोन किलोमीटरवर. पण देवमासा उंची सांगून वर येत नाही. कड्यावर वेगळा हिशेब लागतो: क्षितिजरेषेपासून देवमासा किती मिल खाली आहे ते बघायचं. डोळ्यांची उंची समुद्रापासून २५ मीटर असेल तर दोन किलोमीटरवरचा देवमासा क्षितिजाच्या साधारण १० मिल खाली दिसतो, पाच किलोमीटरवरचा अडीच मिल आणि आठ किलोमीटरवरचा जेमतेम एक मिल. जवळच्याला पट्टी छान काम देते. लांबच्याला अर्ध्या मिलची चूक झाली की दोन-दोन किलोमीटरचा फरक पडतो. त्यामुळे पाचाच्या पुढे मी आकडा लिहीत नाही, “लांब” एवढंच लिहितो. आणि क्षितिज धुक्यात असेल तर पट्टी पूर्ण निरुपयोगी, कारण मोजायचं जिथून तेच दिसत नाही.

होकायंत्र कशासाठी, असं पुष्कळ जण विचारतात. देवमासा बुडाला की तो कुठे होता हे पाच मिनिटांत विसरायला होतं. पाण्यावर खूण राहत नाही. २४० अंशांवर बुडाला, दक्षिणेकडे चाललाय, म्हणजे आता २३५ च्या आसपास वर येईल, असं धरून थांबता येतं. दोघं-तिघं मिळून बघत असाल तर एकच देवमासा दोनदा मोजला जात नाही. जहाजावरच्या सवयीमुळे मला ते सोपं जातं. हिला ते आकडे अजिबात आवडत नाहीत; तिची मूठ बरी. कड्याच्या लोखंडी कठड्याला टेकून वाचन घेऊ नका, सुई बिनदिक्कत खोटं बोलते. गाडीजवळही नको.

आता तक्रार. ही दुर्बीण घेऊन आम्ही एकदा ऑस्ट्रेलियात केप बायरनला गेलो. त्या देशाच्या मुख्य भूमीचं हे सगळ्यात पूर्वेचं टोक. जून-जुलैत अंटार्क्टिककडून उत्तरेच्या उबदार पाण्याकडे जाणाऱ्या हंपबॅक तिथून दिसतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरात पिल्लांसह परतताना. तिथे होकायंत्राची चकती तिरकी होऊन अडकायला लागली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेत खाली कलतं आणि दक्षिणेत वर, म्हणून चकतीचा तोल ज्या भागासाठी साधलेला असतो तिथेच ती नीट फिरते. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या दुर्बिणीच्या खोक्यावर ती कुठल्या गोलार्धासाठी आहे ते कुठेच छापलेलं नव्हतं, आणि विक्रेत्याला विचारलं तर त्याला प्रश्नच समजला नाही. दोन्ही गोलार्धांत हिंडणार असाल तर तशी होकायंत्रं मिळतात, खरेदी करताना स्पष्ट विचारा. नाहीतर होकायंत्राविना साधी ७×५० घ्या, पैसेही वाचतील आणि वजनही थोडं.

केप बायरनला आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिथे समुद्र पूर्वेला, त्यामुळे सकाळी सूर्य तोंडावर आणि पाणी सगळं चकाकतं. भिंगं कितीही भारी असली तरी त्या चकाकीत काही दिसत नाही. दुपारनंतर सूर्य पाठीशी आला आणि फवारे मोजता येईनात इतके दिसू लागले. कॅलिफोर्नियात नेमकं उलटं, सकाळ चांगली. ढगाळ दिवस दोन्हीकडे उत्तम. वाऱ्याचं म्हणाल तर ब्यूफोर्ट मापावर तीनपर्यंत ठीक. चारला पांढरे तुरे सगळीकडे उठतात आणि मग सात काय नि सत्तर काय, घरी जावं. गंमत अशी की या टोकाजवळच्याच बायरन बे गावात १९६२ पर्यंत देवमासे मारून कापायचं केंद्र चालत होतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हंपबॅक तेव्हा काही शेकड्यांवर आल्या होत्या. आता त्या हजारोंनी जातात.

फोकसबद्दल. या दुर्बिणीत मधलं चाक नाही. दोन्ही डोळ्यांचं फोकस वेगवेगळं, आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, फिरवून एकदाच लावायचं. त्यानंतर थोड्या अंतरापुढचं सगळं कायम स्पष्ट. समुद्रासाठी यासारखं सुख नाही: फवारा दिसला, दुर्बीण उचलली, चित्र तयार. चाकाशी झटापट करण्यात पहिला श्वास वाया जात नाही. पण दुर्बीण एक आणि माणसं दोन असतील तर कटकट आहे. हिचा नंबर वेगळा, माझा वेगळा. तिने बघून परत दिली की मला पुन्हा फिरवावं लागतं. शेवटी दोन्ही आयपीसवर नेलपॉलिशच्या बारीक खुणा केल्या, लाल तिची, पांढरी माझी. चष्मा लावून बघणाऱ्यांनी आयपीसचं रबर दुमडून पूर्ण गोल दिसतो का ते बघावं. माझ्या दुर्बिणीत दिसतो. एका स्वस्त ७×५० मध्ये कडा कापल्या जात होत्या. जवळचे पक्षी, फुलपाखरं बघायला मात्र ही अगदी भिकार.

वजन हा या दुर्बिणीचा खरा दोष. बरोबर आलेला पट्टा अरुंद होता, मानेत रुतायचा. तो काढून पाठीवरून जाणारा दोन पट्ट्यांचा हार्नेस लावला, मग दिवसभर जड वाटत नाही. पाण्यावर तरंगणारा फुगीर पट्टा कड्यावर कशाला हवा? होडीत जाणार असाल तर ठेवा.

निगा अगदी सोपी, पण लोक नेमकी तीच चुकवतात. कड्यावर तासाभरात भिंगांवर मिठाचे बारीक कण बसतात. रुमालाने पुसलंत की भिंगावरचा लेप ओरखडला. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, सरळ नळाखाली, जलरोधक आहे म्हणून तर पैसे दिले. मग मऊ कापडाने टिपायचं. मी प्रवासात पाण्याची छोटी बाटली याच कामाला ठेवतो. रबरी झाकणांपैकी पुढची दोन लवकरच हरवली, पण मागचं पावसाचं झाकण टिकलं आहे आणि तेच जास्त गरजेचं.

कोणत्या दिवसांत जावं यावर दोन ओळी, कारण दुर्बीण घेऊन भलत्याच महिन्यात गेलेले लोक मग दुर्बिणीला नावं ठेवतात. ग्रे व्हेल डिसेंबर ते फेब्रुवारीत मेक्सिकोतल्या बाखा कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या खाड्यांकडे दक्षिणेला जातात आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून परत फिरतात. जाऊन-येऊन हा प्रवास सोळा ते वीस हजार किलोमीटरचा. दक्षिणेला जाणाऱ्या घाईत असतात, किनाऱ्यापासून जरा लांबून जातात. परतीत सगळ्यात शेवटी, एप्रिल-मे मध्ये, आया पिल्लांना घेऊन येतात आणि त्या ओर्कांच्या, म्हणजे शिकारी किलर व्हेलच्या, भीतीने किनाऱ्याला इतक्या चिकटून जातात की कधी कधी दुर्बीण खाली ठेवून नुसतं बघावं. माझ्या मते तोच मोसम उत्तम. सगळेच देवमासे असे दूरवर जात नाहीत, हेही माहीत असावं. अरबी समुद्रातल्या हंपबॅक वर्षभर त्याच समुद्रात राहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी कड्यावर “ये-जा” बघत बसण्यात अर्थ नाही.

विकत घेताना दुकानाच्या आत भिंतीवरची पाटी दाखवतील, त्यावर समाधान मानू नका. दुर्बीण घेऊन बाहेर पडा. लांबच्या इमारतीच्या गच्चीची आडवी रेघ पकडा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन्ही गोलांत ती रेघ एकाच पातळीवर राहिली पाहिजे. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली दिसली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. अशा दुर्बिणीने अर्ध्या तासात डोकं दुखतं आणि माणूस दोष समुद्राला देतो. मग ती हातभर लांब धरून आकाशाकडे रोखा. आयपीसमध्ये प्रकाशाचे दोन ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल हवेत. कडेने चौकोनी करडी सावली पडत असेल तर आतल्या प्रिझमची काच हलकी आहे, परत द्या. भिंगांवर लालभडक चकाकणारा लेप असलेली दाखवली तर हातातही घेऊ नका, त्यातून समुद्र हिरवट दिसतो आणि फवारा मुळीच उठून दिसत नाही. हे सगळं करताना विक्रेता चुळबुळ करू लागला तर करू द्या.